खांबाची मान

३ मार्च

खांबास,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची रीत आहे, म्हणून लिहिला असं समज.

वीस वर्षांनी तुझं पत्र आलं. पाकीट पाहिल्याबरोबर अक्षर ओळखलं. अजूनही पेन असं दाबतोस की मागच्या बाजूने वाचता यावं. आत काय, तर अडीच ओळी. "ताई, पोरीची मान ठणठणीत आहे. माझीही होती. तेवढं समितीला लिहून दे." संपलं. कशी आहेस, गुडघे काय म्हणतात, काही नाही. आई गेली तेव्हा मी तुला चार पानं लिहिली होती, त्यांना उत्तर नाही. लोक म्हणतात गरज सरो, वैद्य मरो. तुझं उलटं आहे. वैद्य तू आधीच मारून ठेवलास आणि गरज आत्ता पडली.

तुझ्या पोरीला महिला संघाच्या शिबिरातून परत पाठवलं हे मला तुझ्या आधी कळलं. कसं नाही कळणार? कागद माझ्याच कपाटातून गेला. तिच्या फॉर्मवर वडिलांचं नाव वाचून कारकुनाने जुनी फाइल मागवली. त्यात बावीस वर्षांपूर्वीचं माझं निवेदन आहे, संघाची फिजिओ म्हणून माझ्या सहीचं. "खेळाडू क्रमांक एकसष्ट याच्या मानेच्या मणक्यांतली नळी जन्मतः अरुंद आहे. हा दोष घराण्यात आहे." घराण्यात आहे म्हटल्यावर पोरीला पुढच्या रांगेत कोण उभं करील? तिचा स्कॅन स्वच्छ आला म्हणतात. येऊ दे. अध्यक्ष म्हणतात, असा कागद फाइलीत असताना मी जोखीम घेणार नाही.

अध्यक्ष कोण ते तुला ठाऊक नसेल. आपला कप्तान. पोट सुटलंय, केस गेलेत, आवाज तेवढा मैदानावरचाच आहे. बंद खोलीतही तसाच ओरडतो.

तर स्पष्टच सांगते, मी काहीही लिहून देणार नाही. तो कागद खोटा म्हटला की तो सामना खोटा ठरतो, आणि तो सामना काढून घेतला तर या संघाकडे उरतं काय? पन्नास वर्षांपूर्वी बंदरावरचे अकरा हमाल, दोन शिक्षक, एक न्हावी आणि एक दाताचा डॉक्टर एवढ्यांनी मिळून हा रग्बीचा राष्ट्रीय संघ उभा केला. त्या अकरात आपले बाबा होते. पहिला सामना एक्याण्णव–शून्य हरले. त्यात डॉक्टरचे स्वतःचेच दोन दात पडले, आणि तो म्हणे मैदानावर वाकून ते शोधत बसला म्हणून समोरच्यांनी रेषेपलीकडे चेंडू टेकवून शेवटचा ट्राय केला. तिथून आजवर उत्तरेकडच्या त्या वरच्या देशाशी एकवीस वेळा खेळलो. वीस वेळा हरलो. एकदाच जिंकलो, वीस–एकोणीस. येत्या जूनमध्ये पन्नाशीचा सोहळा आहे आणि तो सगळा त्या एका सामन्याच्या टेकूवर उभा आहे. कार्यालयाच्या दारातच भिंतभर फोटो लावलाय. सगळे चिखलाने माखलेले, कप्तान दोघांच्या खांद्यावर. तू त्यात नाहीस. तू तेव्हा माझ्या टेबलावर गळ्यात पट्टा घालून छताकडे बघत होतास.

आणि एक गोष्ट. पडलं कोण? तू पडलास. मी पिशवी घेऊन धावत आले, तेवढंच. उगाच सगळं माझ्या माथी मारू नकोस.

ताई


२१ मार्च

खांबास,

या वेळी एकच ओळ. "मी पडलो खरा. का पडलो, तेही लिही." तुला शब्दांचा एवढा तुटवडा कधीपासून झाला? पूर्वी स्क्रममध्येसुद्धा समोरच्याच्या बायकोची चौकशी करायचास.

तुझ्या पोरीने अपील केलंय. तुझीच पोर. समितीने चौकशीसाठी एक वकीलबाई नेमल्यात. काल त्या माझ्या खोलीत आल्या. कोऱ्या वहीवर तारीख घातली, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "मी रग्बीचा एकही सामना पाहिलेला नाही. मला पहिल्यापासून सांगा." मी मालिशच्या तेलाच्या बाटल्या मांडल्या. म्हटलं, बाई, हे आठ आमचे, हे आठ त्यांचे. माना खाली घालून एकमेकांत घुसायचं आणि ढकलायचं, याला स्क्रम म्हणतात. पुढच्या रांगेत तिघं. मधल्याच्या दोन्ही बाजूंना असतात ते प्रॉप, आम्ही त्यांना खांब म्हणतो. मागच्यांचा सगळा जोर यांच्या मानेतून समोरच्याच्या मानेवर जातो. येरागबाळ्याला तिथे उभं केलं तर जिवाशी खेळ. म्हणून नियम असा की खांब जखमी झाला आणि बदली खांबही संपला असेल, तर पंच ढकलाढकलीच बंद करतात. नुसतं वाकून उभं राहायचं. चेंडू ज्याचा त्याला मिळतो.

बाईंनी पुढच्या रांगेतली एक बाटली आडवी केली. मग म्हणाल्या, "म्हणजे ज्यांचा स्क्रम मार खातोय, त्यांचा खांब जखमी झाला तर त्यांचं भलंच होतं."

"होतं," मी म्हटलं. "म्हणून तर पुढे नियम बदलला. आता त्या बाजूचा एक खेळाडूही कमी करतात."

"आणि त्या दिवशी मार कोण खात होतं?"

मी बाटल्या आवरायला घेतल्या. बाई साध्या दिसतात, पण पक्क्या आहेत.

शेवटी सांगितलं. म्हटलं, मैदानाच्या कडेच्या टचलाइनवरून मॅनेजरने मला मानेवर हात ठेवून खूण केली, मी ती खेळाडूला पोचवली. मॅनेजरला जाऊन सहा वर्षं झाली. बाईंनी तेवढं व्यवस्थित लिहून घेतलं, खाली रेघ मारली. मेलेला माणूस हरकत घेत नाही, हे त्याच्यातलं चांगलं असतं.

जाता जाता विचारलं, "वरच्या देशाने तुमच्याकडे खुलासा मागितला होता ना? ते पत्र फाइलीत दिसत नाही." म्हटलं, असेल कप्तानाकडे. तेव्हा तो म्हणाला होता, वरचे भडकलेत, लेखी मागतायत, सहा आठवड्यांत काहीतरी दे नाहीतर सामना जातो. तुला आठवतच असेल. आठवायला तुला दुसरं आहेच काय.

ताई


९ एप्रिल

खांबा,

तुझी पोरगी आली होती.

दार ढकलून आधी खांदा आत आला, मग ती. कान चुरगळायला लागलेत, डावा जास्त. म्हणाली, "आत्या ना? ओळखलंत का मला?" मी म्हटलं, तुला नाही ओळखलं, तुझ्या कानाला ओळखलं. खदाखदा हसली. हसणं तुझं नाही, आईसारखं आहे. पोट धरून.

मी काही बोलायच्या आत ती टेबलावर पालथी झाली. "हात लावून बघा ना. बाबा म्हणतात, मशीनचं एकवेळ चुकेल, आत्याचे हात चुकत नाहीत."

असं म्हणतोस तू? अजून?

मी हात लावला. एकेक मणका मोजत खाली गेले, दोन्ही बाजूंचे स्नायू दाबले, डोकं हातात धरून फिरवलं. खणखणीत मान आहे. तुझीच मान आहे. पंचवीस वर्षांचा असताना तू त्याच टेबलावर झोपायचास आणि दोन मिनिटांत घोरायचास. ही घोरली नाही, बडबडत होती. तुम्ही तिकडे तिसऱ्या मजल्यावर राहता, जिना अरुंद आहे, बाबा दोन्ही हातांत पिशव्या घेऊन एका दमात चढतात आणि वर आल्यावर म्हणतात, आजीने हे बघायला हवं होतं. "म्हणजे काय गं आत्या?" तिने विचारलं. तोवर ती 'अगं'वर आली होती. मी सांगितलं नाही. एकशे दहा किलोचा माणूस मोकळ्या हातांनी पुढे आणि साठीची बाई बटाट्याच्या पिशव्या घेऊन मागे, असं तुम्ही दोघं दोन वर्षं बाजारातून आलात. "त्याची मान नाजूक आहे हो," ती शेजाऱ्यांना सांगायची. तिला खरं सांगायचं धाडस तुझ्यात नव्हतं, आणि माझ्यात तर नव्हतंच. मरताना तिने मला बजावलं होतं, त्याला जड उचलू देऊ नकोस. तू दोन समुद्र पलीकडे होतास.

पोरीला विचारलं, बाबा माझ्याबद्दल काय बोलतात? म्हणाली, वाईट कधीच बोलले नाहीत. मग म्हणाली, "म्हणजे बोललेच नाहीत."

ती गेल्यावर मी दाराला कडी लावली आणि ढसाढसा रडले. तुझ्यासाठी नाही. तुझ्यावर मी अजून चिडलेली आहे. पण आता लिहिते, का पडलास ते.

मॅनेजरने कसलीच खूण केली नव्हती. तो डोळे मिटून उभा होता. शेवटची वीस मिनिटं तो नेहमीच डोळे मिटायचा, सामने त्याने निम्मेच पाहिले. वीस–एकोणीस होतं. आपल्या रेषेपासून पाच पावलांवर त्यांचा स्क्रम. दोनदा आपली बाजू कोसळली होती. तिसऱ्यांदा कोसळली तर पंच त्यांना सरळ ट्राय देणार, हे बाकड्यावरच्या पाणीवाल्यालाही कळत होतं. बदली खांबाची बरगडी पूर्वार्धातच गेली होती. मी आत आले ती मागच्या रांगेतल्या एकाच्या भुवईचं रक्त पुसायला. तू गुडघ्यांवर होतास, तोंडात माती. मी वाकून तुझ्या मानेवर हात ठेवला आणि म्हटलं, "मान धर आणि पड."

तू म्हणालास, "मला काही झालेलं नाही, ताई. आत्ता कुठे तो मला कळलाय. उजवा खांदा आधी टाकतो. पुढचा स्क्रम माझा आहे."

मी म्हटलं, "पड म्हणते ना!"

बाबा गेल्यावर तुला उठवताना, जेवायला बसवताना, शाळेत ढकलताना जो आवाज लावायची तोच लावला. तू माझ्याकडे बघितलंस. मग मान धरलीस आणि पडलास.

का म्हणालीस, असं विचारशील. मला जिंकायचं होतं, दुसरं काही नाही. अकरा वर्षं मी हरणाऱ्यांचे पाय चोळत होते. प्रत्येक सामन्यानंतर वरच्यांची फिजिओ माझ्याकडे अशी बघायची की कीव करणं काय असतं ते कळावं. एकदा, फक्त एकदा मला तिच्याकडे तसं बघायचं होतं. बघितलं. चांगलं वाटलं. खोटं का बोलू?

आणि कागद. एक्स-रे स्वच्छ आला होता. त्या काळी मोठं मशीन आपल्याकडे नव्हतं, तेव्हा एक्स-रेत धड न दिसणारं काहीतरी शोधायचं होतं. मी बाबांचे हात वापरले. त्यांच्या हातांना मुंग्या यायच्या, जेवताना चमचा गळून पडायचा. तीस वर्षं पाठीवर पोती वाहिल्यावर कुणाचाही पडेल. हे मला ठाऊक होतं. तरी लिहिलं, घराण्यात आहे. वाटलं, एखाददोन सामने बाहेर बसशील, मग लोक विसरतील. जन्मजात हा शब्द लिहिताना मला कळायला हवं होतं की जन्मजात गोष्ट बरी होत नाही. तू म्हणालास, मागे घे. मी म्हणाले, जरा दमाने घे. तू दोन वर्षं दमाने घेतलंस. निवड समिती बसली की बाहेरच्या बाकावर येऊन बसायचास, बूट पिशवीत घालून. मग एक दिवस बाक रिकामा होता.

पोरीच्या मानेचा अहवाल मी लिहिलाय. तो पुरणार नाही, हे तुलाही कळतं.

ताई


२४ एप्रिल

खांबा,

आज कप्तानाकडे गेले होते. त्याने चहा मागवला, बिस्किटं मागवली, मग दार लावलं. मी म्हटलं, मी जुनं निवेदन मागे घेतेय. तो हळू आवाजात बोलला. त्याला हळू बोलता येतं हे मला आज कळलं.

"ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची. बावीस वर्षं झाकलीस, आता दोन महिन्यांवर सोहळा आलाय आणि उघडतेस? पोरीला तिकडच्या देशाकडून खेळू दे की. काय बिघडतं?"

मी म्हटलं, तिला आजोबांच्या संघाकडून खेळायचंय. तिला या संघाच्या यादीत स्वतःचा क्रमांक हवाय.

"आणि बाकीच्यांचं काय? तुझा भाऊ एक होता, मैदानावर पंधरा जण होते. तिघं गेले. त्यांच्या बायकांना जाऊन सांगशील? मास्तरला सांगशील?"

मास्तर तुला आठवतो ना? शाळेत गणित शिकवणारा, आपला किक मारणारा. विसावा गुण त्याच्या पायाचा. आता त्याला घरचा पत्ता आठवत नाही. बायकोला बाई, आपण कोण, म्हणतो. पण ती किक विचारा, वारा कुठून होता तेसुद्धा सांगतो. कप्तानाकडून निघाले ती थेट त्याच्याकडे गेले. त्याच्या बायकोने दार उघडलं. तो खिडकीशी बसला होता. मला बघून म्हणाला, "ताई, पायाला जरा टेप लाव. वारा डावीकडून आहे." मी पिशवीतून टेप काढला, घोट्याला लावून दिला. त्याने पाय हलवून बघितला, म्हणाला, "झकास." मी त्याला काहीच सांगितलं नाही. सांगायला गेले होते, पण नाही जमलं.

सगळा संघ मला ताईच म्हणायचा, खांबा. भाऊ मात्र एकच होता, आणि पंधरांतून मी त्यालाच पाडायला निवडलं, कारण तो एकटाच असा होता जो मी सांगितलं की पडणार. दुसऱ्या कुठल्याही खांबाने मला शिवी घातली असती.

घरी आले, दिवा लावला, लिहायला बसले. नक्कल तुझ्यासाठी सोबत ठेवली आहे. "खेळाडू क्रमांक एकसष्ट याच्या मानेला त्या सामन्यात कोणतीही इजा झाली नव्हती. त्याला पडायला मी सांगितलं. मला कुणीही तसं सांगितलं नव्हतं, मॅनेजरांनी तर नाहीच. जन्मजात दोषाचा मजकूर मी रचला. माझ्या वडिलांना असा दोष नव्हता." लिहिताना एकदाही खाडाखोड केली नाही. खोटं लिहितानाही केली नव्हती, तेव्हा त्यात कौतुकाचं काही नाही.

उद्या सकाळी वकीलबाईंच्या हातात देते.

ताई


३० मे

खांबा,

आता हे वाच आणि बसून वाच.

वकीलबाईंनी माझं निवेदन रीतसर वरच्या देशाच्या संघटनेला पाठवलं. सामन्याबाबत खुलासा, कळवण्यास खेद वगैरे. महिनाभर कप्तान झोपला नाही. भिंतीवरचा फोटो उतरवायचा की झाकायचा यावर बैठक झाली. माझ्याशी कार्यालयात कुणी बोलेना. दोघांनी तोंडावर सांगितलं, ताई, तुम्ही घर फिरवलंत. मी म्हटलं, फिरलेलंच होतं, मी फक्त बोट दाखवलं.

काल उत्तर आलं. चार ओळी. वकीलबाईंनी मला आणि कप्तानाला बोलावून वाचून दाखवल्या. "आपल्या पत्राबद्दल आभार. उल्लेखलेल्या तारखेस आमच्या दुसऱ्या फळीच्या संघाचा सराव दौरा होता. तो सामना आमच्या राष्ट्रीय नोंदींत समाविष्ट नाही, त्यामुळे दुरुस्त करण्यासारखे काही नाही. आपल्या सुवर्णमहोत्सवास शुभेच्छा."

कळलं? त्यांच्या वहीत तो सामनाच नाही. त्यांच्या लेखी ते आपल्याशी वीसच वेळा खेळले आणि वीसही वेळा जिंकले.

मी कप्तानाला विचारलं, मग खुलासा कुणी मागितला होता? सहा आठवड्यांत कागद दे, नाहीतर सामना जातो, हे कोण म्हणालं होतं? तो खिडकीबाहेर बघायला लागला. म्हणाला, त्यांचा कोच पेपरात काहीतरी बोलला होता. "मला वाटलं, मागतील. म्हणून तयार ठेवला." तयार ठेवला! कुणी मागितला नाही, कुणाला पाठवला नाही. बावीस वर्षं तो कागद माझ्या कपाटात पडून होता आणि त्याचा उपयोग आजवर दोनदाच झाला. एकदा तुला बाहेर ठेवायला, एकदा तुझ्या पोरीला.

मला हसू फुटलं. थांबेचना. वकीलबाई घाबरून पाणी घेऊन आल्या. कुणाची मान कुणासाठी कापली, विचार कर. तुझी आठ-दहा वर्षं, आईची काळजी, बाबांचे हात, सगळं मी अशा सामन्यावरून ओवाळून टाकलं जो समोरच्यांच्या हिशेबी झालाच नाही. आणि त्या बाईकडे, त्यांच्या फिजिओकडे, मी मान वर करून बघितलं होतं! ती बिचारी दुसऱ्या फळीची असेल. तिला वाटलं असेल, ही एवढी का हरखलीय.

कप्तान मात्र खूष झाला. त्यांच्या वहीत नसला तरी आपल्या वहीत आहे ना, म्हणाला. फोटो राहणार, सोहळा होणार. तुला आमंत्रण येईल सोनेरी कडांचं. त्याचं काय करायचं ते तुझं तू बघ.

जुना कागद रद्द झाला. पोरगी संघात आहे. खोटा दाखला दिला म्हणून मला घरी बसवलं आहे आणि त्यात अन्याय काही नाही. तेहेतीस वर्षांच्या खोलीची किल्ली दिली, तेलाच्या बाटल्या तिथेच सोडल्या.

ताई


१७ जून

खांबा,

तू येशील असं वाटलं नव्हतंच. तरी शेजारची खुर्ची मी अर्धा तास पिशवी ठेवून अडवली होती. मग एक जाडा माणूस आला आणि म्हणाला, आजी, कुणी बसतंय का? आजी म्हणाला मला. उचलली पिशवी.

आयुष्यात पहिल्यांदा मी तिकीट काढून सामना बघितला, सोहळ्यातला महिलांचा. वरून सगळं लहान दिसतं. माती दिसत नाही, घाम दिसत नाही, कोण दमलंय ते लवकर कळत नाही. तुझी पोरगी एक नंबरची जर्सी घालून आली, डाव्या खांबाच्या जागी, तुझ्या जागी. समोर वरच्यांचीच पोर, हिच्याहून वीतभर रुंद. या खेपेला त्यांनी पहिली फळी पाठवली होती, मी वकीलबाईंकडून खात्री करून घेतली.

पहिला स्क्रम कोसळला. दुसराही कोसळला, आणि पोरगी खाली राहिली. चारपाच श्वास होतील इतका वेळ हललीच नाही. मी उभी राहिले. मागचे ओरडले, बसा हो. माझी जागा घेतलेली नवी फिजिओ पिशवी घेऊन आत धावली, वाकली, मानेला हात लावला. मी वरून बघत होते आणि तोंडावर हात धरला होता, माझ्याकडून काही ओरडलं जाऊ नये म्हणून.

पोरगी उठून बसली. तोंडातली माती थुंकली. पंचांनी काहीतरी विचारलं, तिने मान हलवली, काहीतरी बोलली. सामना संपल्यावर मी तिला विचारलं, काय म्हणालीस गं? "म्हणाले, मला काही झालेलं नाही. आणि आत्या, ती उजवा खांदा आधी टाकते, मला तेव्हाच कळलं." तू शिकवलंस का रे तिला हे, की आपोआप येतं?

नवी फिजिओ पिशवी उचलून बाहेर आली. पड म्हणाली नाही.

सामना आपण हरलो. बावन्न–सहा. कप्तान भाषणात म्हणाला, झुंजार पराभव. पण तो तिसरा स्क्रम तुझ्या पोरीचा होता. समोरची पोर उचलली गेली, पाय अधांतरी, आणि त्यांचे आठच्या आठ मागे सरकले. शेजारचा जाडा माणूस उभा राहून शिट्ट्या मारायला लागला. मी मात्र बसले होते.

एक गोष्ट मी समितीला लिहिली नाही, वकीलबाईंना सांगितली नाही, तुलाही नाही. त्या दिवशी "पड" म्हणायच्या आधी मी तुझ्या मानेवर हात ठेवला होता. माझे हात चुकत नाहीत, तूच पोरीला सांगितलंस. पुढचा स्क्रम तुझा होता, खांबा. मला तेव्हाच कळलं होतं.

तुझी
ताई